कोरडी बिजागरी

बस स्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत बसून मी गेली अठरा वर्षं लोकांना एकच गोष्ट सांगते आहे, ती म्हणजे थांबा. येईल, थांबा. लागली नाही अजून, थांबा. लोक बिचारे थांबतात. मला स्वतःला मात्र थांबता येत नाही. दुधाजवळ उभं राहणंसुद्धा मला जमत नाही, त्यामुळे आमच्याकडे दूध तापत नाही, उतू जातं. अशा बाईला मुलासाठी चार वर्षं थांबावं लागलं. शेवटी परदेशातल्या एका बालगृहातून फोटो आला, तेव्हा तो धड बघायच्या आधीच मी माळ्यावरून बॅगा काढायला लागले होते.

फोटोत साडेचार वर्षांची एक मुलगी हात अंगाला चिकटवून उभी होती. हसू नाही, रडू नाही. वन्संनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि म्हणाल्या, अगदी लाकडी ठकी आहे. तेव्हापासून ती आमच्यात ठकीच झाली. कागदोपत्री तिचं खरं नाव होतं, पण ते आमच्या तिघांच्या तोंडातून तीन तऱ्हांनी निघायचं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. तीस वर्षं नर्सची नोकरी करून निवृत्त झाल्या आणि आमच्याकडेच राहतात. त्यांचा एक गुडघा कामातून गेला आहे, जीभ अजून ड्यूटीवर आहे. घरात राहणाऱ्या सगळ्यांना मुलीने बघितलं पाहिजे, असा तिकडचा नियम होता म्हणून त्याही निघाल्या. नवऱ्याला लहानपणापासून त्या खटपट्या म्हणतात, आणि लग्नानंतर आठ दिवसांत मलाही ते पटलं. तो दारं आणि कुलपं दुरुस्त करतो. कुणाच्याही घरी गेला की पाणी घ्यायच्या आधी दाराची कडी हलवून बघतो. खिशात तेलाची कुपी कायम. ती विमानतळावर काढून घेतली, तर विमान उडेपर्यंत हा रिकामा खिसा चाचपत होता.

नियम साधे होते. रोज सकाळी दोन तास, अशा दहा भेटी. मधे एक रविवार सुट्टी. दहाव्या भेटीनंतर बालगृहाच्या मोठ्या बाई एका कागदावर लिहिणार, की मूल या माणसांकडे आपणहून जातं, किंवा जात नाही. जात नाही असं लिहिलं तर फाइल पुढच्या कुटुंबाकडे. नवऱ्याला दोन महिन्यांनी पंचेचाळीस पुरी होणार होती आणि त्यानंतर वयाच्या अटीत आम्ही बसत नव्हतो. म्हणजे दुसरी ठकी नव्हतीच. जे काय व्हायचं ते या दहा सकाळींत.

पहिल्या दिवशी मोठ्या बाई आमच्यासमोर उभं राहून चांगली पाच मिनिटं बोलल्या. मधे एकदा त्यांनी दाराकडे हातही केला. आमचा दुभाष्या गृहस्थ सगळं मान हलवत ऐकून घेत होता. त्या थांबल्यावर तो आमच्याकडे वळला आणि म्हणाला, "नियम आहेत, पाळावेत." मला तेव्हाच विचारायला हवं होतं की पाच मिनिटांत एवढंच? पण मला आत जायची घाई होती.

खोली तळमजल्यावर, लांब व्हरांड्याच्या टोकाला होती. खाली हिरवं गुळगुळीत आच्छादन, एक बुटकं टेबल, खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचा धुरकट, चार खुर्च्या, मधे एक चटई आणि तिच्यावर लाकडी विटांचा ढीग. ठकी चटईवर दाराकडे पाठ करून बसली होती आणि विटेवर वीट ठेवत होती. आम्ही आलो तरी तिने मान वळवली नाही.

ते दार मात्र बोलायचं. उघडताना आधी बारीक, मधे जाड आणि शेवटी नाकातून. मावशी पाणी घेऊन आल्या की करकर, पेला घेऊन गेल्या की करकर. तिथे मुलांना सांभाळणाऱ्या एक बुटक्या, थकलेल्या बाई होत्या, त्यांना आम्ही मावशीच म्हणायला लागलो होतो. त्या दाराचा माझ्याशिवाय कुणालाच त्रास होत नव्हता. माझ्या मात्र प्रत्येक वेळी दाढेत कळ जायची.

दुसऱ्या दिवशी ठकीने न बघता एक वीट मागे सरकवली, ती खटपट्याने घेतली. तिसऱ्या दिवशी वन्संनी तिच्या बुटाची नाडी बांधली आणि तिने पाय मागे घेतला नाही. माझ्या वाट्याला काही आलं नाही. मी या खुर्चीवरून त्या खुर्चीवर, तिथून खिडकीशी, खिडकीतून परत. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं, तेही माझ्या हलणाऱ्या पायाकडे. मला हेवा वाटला हे कबूल करते. पन्नाशी ओलांडलेल्या, गुडघा धरून चालणाऱ्या नणंदेचा हेवा.

चौथ्या दिवशी मोठ्या बाई वही घेऊन चार वेळा आत-बाहेर झाल्या. म्हणजे आठ वेळा ते दार. मावशी ठकीला हात धुवायला घेऊन गेल्या, तेवढ्यात मी नवऱ्याला म्हटलं, "त्या दाराचं काहीतरी कर, नाहीतर माझं डोकं फुटेल."

आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. तो तीन दिवस त्या दाराकडे उपाशी माणसासारखा बघत होता. वन्संच्या पर्समधून डोक्याच्या तेलाची बाटली निघाली. तिन्ही बिजागऱ्यांना दोन-दोन थेंब, दार पाच-सहा वेळा पुढे-मागे, आणि सगळं गप्प. इतकं गप्प की दार उघडलं की मिटलं ते बघूनच कळावं. त्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी म्हटलं, वा. वेळ संपली होती, आम्ही निघालो.

पाचव्या दिवशी ठकी चटईवर नव्हती. टेबलाखाली होती, पाठ भिंतीला टेकवून, डोळे दारावर. विटा तशाच पडलेल्या. वन्संनी हाक मारली, खटपट्याने वीट पुढे केली, पण तिचे डोळे दारावरून हलेनात. कुणी आत आलं की ती आणखी भिंतीत शिरायची. दोन तास गेले आणि आम्हाला तिचे फक्त बूट दिसले.

सहाव्या दिवशी मी सगळ्यांच्या पुढे होते. वाटलं, आज मीच जाते, मीच काहीतरी करते. दार ढकलून भर्रकन आत शिरले आणि ती किंचाळली. ती टेबलाखाली नव्हती, खिडकीशी उभी होती, तिने मागे वळून पाहिलं तर मी दोन पावलांवर. तिच्या पायाखालचं हिरवं आच्छादन ओलं झालं. मावशी धावत आल्या आणि तिला उचलून घेऊन गेल्या. मी तिथेच उभी राहिले. एक मूल मला बघून घाबरून ओलं झालं होतं, आणि त्या मुलाची आई व्हायला मी एवढा प्रवास करून आले होते. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

मोठ्या बाईंनी वहीत लिहिलं. काय लिहिलं, ते दुभाष्याने सांगितलं. "मुलगी मागे गेली."

आमची भाड्याची खोली दोन पलंग आणि एक घडीची खाट मावेल एवढी होती. खिडकीपासून बेसिनपर्यंत आठ पावलं. त्या संध्याकाळी मी ती आठ पावलं किती वेळा चालले देव जाणे. चालता चालता सगळ्यांवर घसरले. वन्संचा आवाजच दवाखान्यातला आहे, मूल घाबरणारच. नवऱ्याने दाढी केली नाही. दुभाष्याला दात आहेत पण शब्द नाहीत. वन्सं गुडघ्याला पट्टी बांधता बांधता सगळं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आणि तू? तू सहा दिवस त्या खोलीत अशी बसलीस, जशी तुझी गाडी सुटते आहे."

खरं बोललेलं फार लागतं. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले आणि रडले. वन्संनी अडवलं नाही.

 खटपट्या खाटेवर बसून तेलाच्या बाटलीचं झाकण लावत होता, काढत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या इमारतीतली सगळी दारं मी पाहिली आहेत. एकूण एक बिजागरीला वंगण आहे, तेही ताजं. तेवढं एकच दार कोरडं होतं."

"राहिलं असेल," मी म्हटलं.

"राहून गेलेल्या दारावर धूळ असते. ते रोज पुसलेलं होतं. कुणीतरी जपून कोरडं ठेवलं होतं ते." त्याने झाकण घट्ट फिरवलं. "मला चौथ्या दिवशीच दिसलं होतं. पण हातात तेल आलं की माझं डोकं चालत नाही."

साडेसहा वाजले होते. आम्ही तिघं जिना उतरलो, वन्सं कठडा धरून, आणि दुभाष्याच्या घरी जाऊन त्याला जेवणावरून उठवलं. बालगृहाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा मावशी पाळी संपवून बाहेर पडत होत्या. नवऱ्याने हाताने दार उघडल्यासारखं केलं आणि कानाला बोट लावलं. मावशींनी कपाळावर हात मारला आणि बोलायला लागल्या. वन्संनी दुभाष्याची बाही धरली. "काटछाट नको," त्या म्हणाल्या, "त्या जेवढं बोलतील तेवढं सगळं."

तेव्हा पहिल्यांदा आम्हाला सगळं कळलं. ठकी दोन वर्षांची असताना तिला झोपेतच कुणीतरी उचलून इथे आणलं आणि पलंगावर ठेवून ते निघून गेलं. ती उठली तेव्हा तिच्या ओळखीचं एकही माणूस नव्हतं. त्यानंतर कित्येक महिने ती कुठल्याही दाराकडे पाठ करत नसे. भिंतीला टेकून, उभ्यानेच खायची. इतर दारं मुकाट उघडायची, माणूस एकदम समोर यायचा. त्या टोकाच्या खोलीचं दार तेवढं करकरायचं. कुणी येणार असेल तर ते आधी सांगायचं. तिथे ती हळूहळू पाठ करून बसायला शिकली. म्हणून देखभालीच्या माणसाला ताकीद होती, या दाराला तेल घालायचं नाही. आणि मोठ्या बाईंनी हे पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितलं होतं.

मी दुभाष्याकडे पाहिलं. त्याने गळ्यातला रुमाल सारखा केला आणि म्हणाला, "मी म्हणालो होतो, नियम पाळावेत."

त्याला मी कच्चा खाल्ला असता. पण तेल घालायला कोण म्हणालं होतं? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

रविवारी सकाळी खटपट्या मोठ्या बाईंच्या टेबलापुढे उभा राहिला आणि त्याने एक दार बिघडवायची परवानगी मागितली. बाईंनी दुभाष्याला दोनदा विचारलं की हा नक्की काय म्हणतो आहे. मग त्यांनी किल्ली दिली. मुलं वरच्या मजल्यावर होती. त्याने दार उतरवलं, तिन्ही बिजागऱ्या सोडवल्या, खिळ्या बाहेर काढल्या, गरम पाण्यात साबण घालून तेल धुतलं, पुन्हा धुतलं, आणि मग मीठपाण्यात बुडवलेल्या फडक्यात गुंडाळून सगळं खिडकीत उन्हाला ठेवलं. वीस वर्षं लोकांच्या दारांचा गंज खरवडणारा माणूस त्या दिवशी दुपारपर्यंत गंज चढायची वाट बघत बसला होता. मी दर दहा मिनिटांनी फडकं उघडून बघत होते. तो म्हणाला, अगं दूध आहे का ते.

संध्याकाळी दार परत चढलं. करकरलं. पण त्याचा चेहरा पडला. आधीचं बारीक, मग जाड, मग नाकातलं, तसलं काही नव्हतं. हा एकच सरळ, खरखरीत आवाज होता.

"हा तो नाही," तो म्हणाला. "तोच आवाज परत नाही आणता येत. मला वाटलं होतं येईल."

सोमवारी, सातव्या भेटीला, आधी तो एकटाच गेला. आम्ही दोघी व्हरांड्यात. त्याने दार उघडलं, खर्रर्र झालं, आणि टेबलाखालून ठकीचं डोकं बाहेर आलं. तिच्या कपाळाला आठी पडली. आवाज होता, पण तिचा नव्हता. खटपट्या उंबऱ्यातच उभा राहिला, ना आत ना बाहेर. ती रांगत बाहेर आली, उठली, दारापाशी आली. दार ढकललं. ओढलं. कान देऊन ऐकलं. पुन्हा ढकललं. मग तिने त्याच्या गुडघ्यावर तळहात ठेवला आणि त्याला सरळ बाहेर लोटून दार लावून घेतलं.

 मोठ्या बाई तिथेच उभ्या होत्या, वही उघडीच होती.

तेवढ्यात आतून दारावर एक थाप पडली. खटपट्याने आमच्याकडे पाहिलं, आणि दार उघडलं. खर्रर्र. तिने त्याला नीट बघून घेतलं आणि पुन्हा बाहेर घालवलं. थाप. खर्रर्र. बाहेर. मी मोजत होते, सव्वीस वेळा झालं. कुठल्याही गिऱ्हाइकाने एवढं केलं असतं तर त्याने हत्यारं गोळा करून घर गाठलं असतं. सव्वीस वेळा त्याने ते दार त्याच हळूपणाने उघडलं. मग ती चटईवर जाऊन बसली. पाठ करून नाही, कूस करून.

आठव्या दिवशी तिने आम्हा सगळ्यांना कामाला लावलं. वन्संच्या हाताने दार दोन हप्त्यांत उघडायचं, अर्धं, मग गुडघा सावरायचा, मग उरलेलं अर्धं. ते तिला तीनदा ऐकून पुरलं. माझ्या वेळी मी सवयीप्रमाणे एका हिसड्यात उघडलं, दार कर्कश ओरडलं आणि ती दचकली. मला वाटलं, झालं. पण तिने मलाही बाहेर लोटलं, दार लावलं. मी दारावर तळहात ठेवून थापेची वाट बघत उभी राहिले. आत काहीच हालचाल नव्हती. खिडकीपलीकडच्या लोकांना मी अठरा वर्षं थांबा म्हणत आले, आणि या पोरीने तोंडातून एक शब्द न काढता मला थांबवलं होतं. बऱ्याच वेळाने थाप पडली. मी पुन्हा हिसडा दिला, माझा हातच तसा आहे. या वेळी ती दचकली नाही. असं अकरा वेळा.

नवव्या दिवशी ती दाराकडे पाठ करून बसली होती. त्या संध्याकाळी खटपट्याने घरी शेजारच्या काकांना फोन लावला, आणि आमच्या पुढच्या दाराच्या बिजागऱ्या साबणाने धुऊन त्यांना मीठपाण्याचं फडकं बांधायला सांगितलं. आमच्या घरातलं एकही दार पंधरा वर्षांत करकरलेलं नाही. काकांना ऐकू कमी येत नाही, तरी त्यांनी तीनदा विचारलं. मी नवऱ्यावर खेकसले. अजून कागद झाला नाही, बाजारात तुरी आणि तुझं काय चाललंय. तो म्हणाला, गंज चढायला वेळ लागतो. मला रात्री डोळा लागला नाही.

दहाव्या दिवशी मोठ्या बाई चटईजवळच्या खुर्चीत बसल्या, शेजारी दुभाष्या. एकेकाने आत जायचं ठरलं होतं. खटपट्या गेला. सावकाश खर्रर्र, मग आत सगळं शांत. मग माझी पाळी. कडीवर हात ठेवला आणि मला धीर होईना. आज हिसडा दिला आणि ती दचकली तर? बाईंसमोर किंचाळली तर? मी श्वास रोखून दार अगदी हळू उघडलं. थेट नवऱ्यासारखं.

आत तो भिंतीशी बसला होता. ठकी पाठ करून विटा रचत होती. आवाज ऐकून तिने आधी समोर त्याच्याकडे पाहिलं. तो तर इथेच आहे. मग ती गर्रकन मागे वळली आणि तिने मला पाहिलं. तिच्या हातातली वीट पडली.

 बाईंचं पेन वहीवर टेकलं.

ठकी उठली, माझ्यापर्यंत आली, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, राग होता. चांगला घरातला राग. तिने माझ्या मांडीवर तळहात मारला आणि मला बाहेर लोटलं. दार लावलं. मी बंद दाराशी उभी राहिले. मागून वन्संनी कुजबुजून विचारलं, "काय झालं गं?"

"मी माझ्यासारखी नाही आले," मी म्हटलं.

थाप पडली. मी कडी धरली आणि नेहमीचा हिसडा दिला. दार ओरडलं.

ठकी चटईवर पोचून पाठ करून बसली होती. तिने मागे पाहिलं नाही. वीट हातात घेतली, आणि बसल्या बसल्या चटईच्या एका कडेला सरकली, माझ्यापुरती जागा होईल एवढी. मी जाऊन बसले. तिचा दंड माझ्या दंडाला लागला आणि तिने तो तसाच राहू दिला. माझा पाय हलत नव्हता. मी रडत होते आणि ते लपवायचा मी प्रयत्नही केला नाही. तिने मला बाहेर का घालवलं ते बाईंनी विचारलं, नवऱ्याने उत्तर दिलं, आणि दुभाष्याने ते, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, पुरतं सांगितलं. बराच वेळ लागला. मग पेन चालल्याचा आवाज आला.

मागे दार पुन्हा करकरलं. अर्धंच. ठकीने वीट हवेत धरली आणि थांबली. बाहेर वन्सं गुडघा सावरत होत्या. मग उरलेलं अर्धं करकरलं, तेव्हा तिने वीट खाली ठेवली आणि आणखी थोडी सरकली.